सायकलवर कामाला : सेनगावहून आइंडहोवनला गेल्यावर जे विसरावं लागलं

काळीमाती | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

दिवाळीला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून गावी आले आहे. आमचं गाव सेनगाव तालुक्यात. आल्यापासून रोज कुणी ना कुणी भेटायला येतंय आणि बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतंय, "एवढी शिकलीस, परदेशात गेलीस, आन् तिथं सायकलवर कामाला जातीस?" आईला त्याचं वाईट वाटतं. मी तिला तिथले फोटो दाखवते, पण फोटोत सायकल ही सायकलच दिसते.

परवा जिंतूरच्या एका मुलाचा मेसेज आला. तो जानेवारीत तिथल्याच डेल्फ्टला नोकरीवर रुजू होतोय. त्याने विचारलं, "ताई, सायकल तर लहानपणापासून येते. तिथे वेगळं काय शिकायचं?" त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं धागाच काढावा, अजून कुणाच्या कामी येईल.

सायकल मलाही येत होती. वडिलांच्या चोवीस इंची सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकले. आठवीत सरकारच्या मानव विकास योजनेची सायकल मिळाली. शाळा साडेचार किलोमीटर. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी गच्च बसायची की चाक फिरायचं थांबायचं. मग बांधावरची तुराटी मोडून ती उकरायची, शंभर पावलं जायचं आणि पुन्हा तेच. ओढ्याला पाणी आलं की नळ्यांचा पूल दिसेनासा व्हायचा, मग पाणी ओसरेपर्यंत आम्ही पोरी सायकली आडव्या टाकून काठावर बसायचो.

त्या रस्त्यावर मी एक नियम शिकले. कुणी शिकवला नव्हता, तो अंगात मुरला. मोठ्याला वाट द्यायची. मागून एसटीचा हॉर्न आला की साइडपट्टीवर उतरायचं. समोरून काळीपिवळी आली की पाय टेकायचे. चौकात हक्क कुणाचा हे बघायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि हा येणार की थांबणार हे ओळखायचं. बारावीपर्यंत या सवयीने मला सुखरूप घरी आणलं. तिला मी नावं ठेवणार नाही.

आइंडहोवनला तिसऱ्या आठवड्यात मी पडले ते याच सवयीमुळे.

घर ते ऑफिस सात किलोमीटर, वेल्डहोवनला. बहुतेक वाट लाल डांबराची, फक्त सायकलींची. एका ठिकाणी बाजूच्या गल्लीतला रस्ता तिला छेदतो. त्या रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ रंगवलेली आहे, टोकं मोटारवाल्याकडे. तिकडे याला शार्कचे दात म्हणतात. दात ज्याच्याकडे, त्याने थांबायचं. मला हे पाठ होतं. पण त्या सकाळी उजवीकडून एक मोठी व्हॅन आली आणि माझ्या हातांनी मला न विचारता ब्रेक दाबला. वर मी व्हॅनवाल्याला "जा, जा" म्हणून हातही केला. व्हॅन तर थांबलेलीच होती. मागून येणाऱ्या बाईंना मी मध्येच थांबेन असं वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यांचं चाक माझ्या मागच्या चाकावर आदळलं आणि आम्ही दोघी आडव्या. माझं कोपर सोलपटलं. त्यांच्या टोपलीतला डबा उघडून ब्रेडचे तुकडे त्या लाल डांबरावर पसरले होते, ते अजून डोळ्यांपुढे आहेत. उठून त्यांनी आधी मला कुठे लागलंय का बघितलं. मग त्या दातांकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "तुझा हक्क असेल तेव्हा जात जा. तू थांबलीस की तू काय करणार ते आम्हाला कळत नाही."

जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते. आपल्याकडे दबकून राहणारा वाचतो. तिथे तुम्ही पुढच्या क्षणी काय करणार हे मागच्याला, बाजूच्याला, मोटारवाल्याला आधीच कळलं पाहिजे. सरळ जायचं तर सरळ रेषेत जायचं. वळायचं तर आधी खांद्यावरून मागे बघायचं, हात दाखवायचा, मग वळायचं. कुणावर उपकार म्हणून थांबायचं नाही. आणि जिथे दात आपल्याकडे असतील तिथे समोर कितीही बारकं पोरगं सायकलवर असलं तरी आपण थांबायचं.

जिथे दात नाहीत, पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. सायकलवाला उजवीकडून आला तर मोटारीनेसुद्धा थांबायचं. सायकलींना हा हक्क २००१ मध्ये मिळाला. हे वाचायला सोपं आहे. अंगवळणी पडायला मला तीन महिने लागले, कारण आपली मान आधी उजवीकडे वळते, मग डावीकडे. तिथे वाहतूक उजव्या बाजूने, म्हणून गाडी पहिल्यांदा येते ती डावीकडून.

उजव्या बाजूने चालवण्याचं भर गर्दीत काही वाटत नाही, सगळे जातात तिकडे आपण जातो. चूक होते पहाटे, रिकाम्या रस्त्यावर. किंवा दुकानातून बाहेर पडून सायकलवर बसताना, मनात भाजीचा हिशोब असतो तेव्हा. हात आपोआप डावीकडे वळतो. मी उजव्या मुठीला आईने दिलेला लाल दोरा बांधलाय. निघताना तो बघायचा, मगच पेडल मारायचं. सहा महिने झाले, अजून सोडलेला नाही.

आता ब्रेक. आपल्याकडे उजव्या हातातला ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तिथे बहुतेक सायकलींना डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. घाईत डावा करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे. शिवाय पुष्कळ साध्या सायकलींचा मागचा ब्रेक पायात असतो, पेडल उलटं दाबलं की लागतो. आपल्याला थांबताना पेडल उलटं फिरवून वर आणायची सवय असते, निघताना पाय मारायला सोपं जावं म्हणून. तिथे ते केलंत की सायकल जागच्या जागी थांबते. सायकल घेतली की पहिल्या संध्याकाळी कुठल्यातरी मोकळ्या मैदानात फक्त थांबायचा सराव करा. चालवता येतेच, थांबणं नव्याने शिकावं लागतं.

दिव्यांबद्दल कुणी हलगर्जीपणा करू नका. डिसेंबरात सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास अंधारून येतं. म्हणजे कामाला जाणं अंधारात, येणंही अंधारात. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही स्थिर. लुकलुकणारा दिवा चालत नाही. सायकलला लावा, नाहीतर छातीला, पाठीला, बॅगेला लावा. डोक्यावर किंवा दंडावर लावलेला धरत नाहीत. पेडलला पिवळे रिफ्लेक्टर, मागे लाल रिफ्लेक्टर, चाकांनाही लागतात, आणि घंटी हवीच. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. रस्ता शोधायचा असेल तर मोबाइल हँडलच्या स्टँडवर लावा किंवा बाजूला थांबून बघा.

माझ्या वाटेत होव्हनरिंग लागतं. २०१२ मध्ये सुरू झालेला हा एक गोल पूल आहे, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. मधोमध सत्तर मीटरचा खांब आणि २४ पोलादी तारांनी त्याला टांगलेलं ते कडं. मोटारी खालून जातात, आपण वरून. पहिल्या दिवशी मी कठड्याला सायकल टेकवून बराच वेळ खाली बघत उभी राहिले. मला आमचा ओढ्यावरचा नळ्यांचा पूल आठवत होता. सायकलवाल्यासाठी कुणीतरी एवढा विचार केला, एवढा खर्च केला, हे बघून गळा भरून आला होता. आईला हेच सांगायचंय, पण तिच्यापुढे शब्द सापडत नाहीत.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. २८ तारखेपर्यंत इथेच आहे.

---

येलदरीकर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.२५

ताई, मेसेज करणारा मीच. एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. ब्रेकचं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन प्रश्न. सायकल नवी घ्यावी की जुनी? आणि विमा वगैरे काही लागतो का? ऑफर लेटरमध्ये सायकलच्या येण्याजाण्याचे पैसे किलोमीटरमागे देऊ असं लिहिलंय, ते खरंच देतात का?

---

गोदाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

मी नांदेडचा, सहा वर्षं उट्रेख्तला आहे. काळीमाती यांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. थोडी भर घालतो.

येलदरीकर, पहिली सायकल जुनी घे. पण दुकानातून घे, पावती घे. रस्त्यात कुणी वीस-पंचवीस युरोत देतो म्हणाला तर ती चोरीची असणार हे धरूनच चाल. चोरीची सायकल विकत घेणं हा तिथे गुन्हा आहे. ओळखीतून घेतलीस तर चौकटीवरचा नंबर चोरीच्या यादीत आहे का ते आधी बघ, ऑनलाइन बघता येतो. सुरुवातीला भाड्याची सायकल हाही चांगला मार्ग. पुढचं टायर निळं असलेल्या सायकली तुला सगळीकडे दिसतील, त्या स्वापफीट्सच्या. ही कंपनी सुरूच डेल्फ्टमध्ये झाली. महिन्याचं भाडं द्यायचं, बिघाड झाला की ते दुरुस्त करून देतात. कुलूप दोन लाव. एक मागच्या चाकाचं गोल कुलूप, दुसरी जाड साखळी, आणि ती खांबाला किंवा स्टँडला गुंतवायचीच. नुसतं चाकाचं कुलूप लावलंस तर सायकल उचलून नेतात.

पैसे देतात. किलोमीटरमागे ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम करमुक्त असते, २०२४ मध्ये ती मर्यादा २३ सेंट होती. प्रत्यक्षात किती द्यायचे ते कंपनी ठरवते.

विम्याचं नीट समजून घे. मोटार आणि सायकलची टक्कर झाली तर तिथला कायदा मोटारवाल्यावर जास्त जबाबदारी टाकतो. चूक काही अंशी सायकलवाल्याची असली तरी त्याच्या नुकसानीचा निदान निम्मा भार साधारणपणे मोटारीच्या विम्यावर येतो. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ सगळाच. पण तू कुणाला धडकलास, कुणाची गाडी चेपली, म्हातारं माणूस पाडलंस, तर ते तुझ्या खिशातून जाणार. त्यासाठी वैयक्तिक दायित्वाचा विमा असतो, महिन्याला थोडेच युरो लागतात. आरोग्य विमा तर रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून चार महिन्यांत काढावाच लागतो. आमच्याबरोबरच्या एकाने पहिल्या महिन्यात उभ्या मोटारीचा आरसा तोडला आणि पगारातून भरला. हे दोन्ही विमे उतरल्या उतरल्या काढ.

काळीमाती यांच्या लिखाणात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे गोल चौक. गावात बहुतेक ठिकाणी गोल चौकात सायकलवाल्याचा हक्क असतो. गावाबाहेर बहुतेक ठिकाणी नसतो. चौक दिसायला दोन्हीकडे सारखेच. म्हणून खाली दात कुणाकडे आहेत ते दरवेळी बघायचं, सवयीवर जायचं नाही.

आणि ट्रक. कायद्याने सरळ जाणाऱ्याचा हक्क आहे, वळणाऱ्या ट्रकने थांबायचं, हे सगळं खरं. पण ट्रकवाल्याला उजव्या बाजूचं दिसतच नाही. सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या उजवीकडून पुढे सरकू नकोस. मागे उभा राहा. त्याचा आरसा तुला दिसत नसेल तर तूही त्याला दिसत नाहीस. इथे मात्र ताईंचं ते "हक्क असेल तेव्हा जा" बाजूला ठेवायचं.

---

वसमतचे_गुरुजी | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

काळीमाती, पोरी, सकाळी उठल्या उठल्या वाचलं. नळ्यांच्या पुलाचं वाचून मन भरून आलं. मी चौतीस वर्षं सायकलवर शाळेत गेलो. जायचे नऊ किलोमीटर, यायचे नऊ. आमच्या वेळी डायनॅमो असायचा, टायरला घासून चालणारा. चढ आला की वेग कमी व्हायचा आणि नेमका तेव्हाच दिवा मंद व्हायचा.

आता आमच्याकडे गाळप सुरू झालंय. रात्री वसमत रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. आवाज फक्त पुढच्या स्पीकरचा. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा तो तिच्यापासून चार हातांवर असतो. माझा एक विद्यार्थी असाच गेला. दहावीत होता. त्यानंतर मी दर दिवाळीनंतर शाळेतल्या पोरांच्या सायकलींना मागच्या मडगार्डवर लाल रेडियमची पट्टी लावत आलो. निवृत्त झालो तरी लावतो. आणि कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून ट्रॉल्यांनाही लावतो, ड्रायव्हर नाही म्हणत नाहीत.

तुला एक विचारायचंय. तिथं हे पहिल्यापासूनच असं होतं का? का कुणीतरी करून घेतलं?

---

गोदाकाठ | १५ नोव्हेंबर, दुपारी १.१५

गुरुजी, नमस्कार करतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला खरंच आनंद होतोय.

पहिल्यापासून नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडेही मोटारी वाढल्या आणि सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. मग आई-बाप रस्त्यावर उतरले. "मुलांची हत्या थांबवा" हेच त्या चळवळीचं नाव होतं. माणसं सायकली घेऊन रस्ते अडवायची. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या. लोकांना मोकळे रस्ते बघायला मिळाले. त्यानंतर हळूहळू वाटा बांधत गेले. आता काही गल्ल्यांत लाल रस्ता असतो आणि पाटी असते, "मोटार इथे पाहुणी". म्हणजे मोटार येऊ शकते, पण सायकलच्या मागून, तिच्या वेगाने.

आणि तिथली मुलं प्राथमिक शाळेतच वाहतुकीची परीक्षा देतात, पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. तुम्ही तिथे असता तर ती परीक्षा तुम्हीच घेतली असती.

---

डॉक्टर_लातूर | १५ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सगळं वाचलं, पण हेल्मेटचा कुणी उल्लेखच केला नाही. मी अपघात विभागात काम करतो. डोक्यावर पडलेला माणूस मी रोज बघतो, वेग कितीही कमी असो. नवीन जाणाऱ्यांनी हेल्मेट घालावंच.

---

गोदाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

डॉक्टरसाहेब, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी सांगतो. साध्या सायकलला तिथे हेल्मेट सक्तीचं नाही आणि फार थोडे लोक घालतात. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणारी वेगवान विजेची सायकल असते, तिला पिवळी नंबर प्लेट लागते, तिला मात्र हेल्मेट सक्तीचं आहे. साधी विजेची सायकल २५ पर्यंतच जोर देते, तिला सक्ती नाही. सहा वर्षांत मी घातलं नाही. वाट वेगळी आहे, वेग कमी आहे. सुरक्षितता त्या वाटेत बांधलेली आहे.

---

डॉक्टर_लातूर | १५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

वाट वेगळी आहे हे मान्य. पण तिथला माणूस चार वर्षांचा असल्यापासून त्या वाटेवर आहे. आपला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी जातो. बाजू उलटी, ब्रेक उलटे, पायाखाली ओली पानं, आणि थंडीने बोटं आखडलेली. तो नवशिका आहे. नवशिक्याला पहिलं वर्षभर तरी हेल्मेट घालायला सांगा. सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही.

---

काळीमाती | १५ नोव्हेंबर, रात्री ११.००

डॉक्टर, मी पडल्यापासून घालते. ऑफिसात मी एकटीच असेन. पहिल्या दिवशी लाज वाटली, आता वाटत नाही. गोदाकाठ यांचा मुद्दा देशासाठी बरोबर आहे, तुमचा माझ्यासारख्या नवीन माणसासाठी. येलदरीकर, घे रे बाबा हेल्मेट.

गुरुजी, तुमच्या त्या विद्यार्थ्याचं वाचून आज दिवसभर कशात मन लागलं नाही. मी परत जायच्या आधी वसमतला येते. तुमच्याबरोबर एक संध्याकाळ पट्ट्या लावते.

---

मानवतची_आई | १६ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

मी पहिल्यांदाच इथं लिहितेय. माझी लेक पुढच्या वर्षी शिकायला तिकडेच जाणार. तिला साडी-पंजाबीची सवय. ओढणी चाकात गुंतून आमच्या गल्लीतली एक पोरगी पडली होती, तेव्हापासून मला सायकलची धास्ती आहे. पाऊसही तिथं बारमाही म्हणतात. कसं करायचं?

---

काळीमाती | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

मावशी, तुमची धास्ती खरी आहे. मीही ओढणी घेऊन चालवायचे आणि ती कमरेला गाठ मारून ठेवायचे.

तिथल्या साध्या सायकलींना साखळीवर पूर्ण झाकण असतं, कपडा आत जातच नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अर्ध्या भागावर कापडी किंवा प्लास्टिकचा पडदा असतो, खास लांब कोट न् झगे अडकू नयेत म्हणून. जुनी सायकल घेताना तो पडदा फाटलेला नाही ना, हे तिला बघायला सांगा. फाटलेला असला तर नवीन बसवून घ्यायचा. ओढणी मात्र घरीच ठेवायची किंवा कोटाच्या आत. गळ्यातला मफलरसुद्धा कोटाच्या आत.

पावसासाठी वेगळा सूट मिळतो, वर कोट आणि खाली पँट. कपड्यांवरूनच चढवायचा, कामावर पोचलं की झटकून टांगून ठेवायचा. पुढच्या तासाभरात पाऊस कुठे पडणार ते मिनिटामिनिटाने दाखवणारं ॲप आहे, बाउएनरादार नावाचं. ते बघून सगळे निघतात. छत्री धरून सायकल चालवणारेही दिसतील, तिने तसं करू नये. वारा फार असतो. समोरून वारा आला की सात किलोमीटर दहाचे वाटतात, वेळ जास्त धरून निघायचं.

हातमोजे इथून नेऊ नका, आपले लोकरीचे तिथे भिजतात. तिथेच वारा-पाणी अडवणारे घ्यायचे. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही, आणि हे प्रत्यक्ष होईपर्यंत कळत नाही.

---

बालाघाट | १७ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मी बीडचा, इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. इकडे येणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालतं, ब्रेकही आपल्यासारखेच, म्हणून माणूस निर्धास्त होतो. वेगळ्या वाटा मात्र नेदरलँड्ससारख्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या कडेला नुसती रंगाची पट्टी असते.

माझं पहिलं वर्ष गटाराला चिकटून चालवण्यात गेलं. तेच धोक्याचं निघालं. कडेला उभ्या मोटारीचं दार अचानक उघडतं, आणि मागची गाडी तुम्हाला खेटून काढते. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या हायवे कोडमध्ये बदल झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय की शांत रस्त्यावर आणि चौकाजवळ सायकलवाल्याने लेनच्या मध्यातून जावं, उभ्या मोटारींपासून मीटरभर अंतर ठेवावं, आणि ओलांडून जाणाऱ्या गाडीने निदान दीड मीटर सोडावं. मोटारवाल्याने दार लांबच्या हाताने उघडावं म्हणजे मान आपोआप मागे वळते, हेही त्यातच आहे.

मध्यातून जायचा धीर यायला वेळ लागतो. बीडच्या रस्त्यावर असं केलं असतं तर वडिलांनी सायकल काढून घेतली असती. इथे ते केल्यापासून मला कुणी खेटलेलं नाही.

कंपनीत "सायकल टू वर्क" योजना आहे का ते विचारा. पगारातून कर कापायच्या आधी हप्ते जातात, सायकल स्वस्तात पडते.

---

वसमतचे_गुरुजी | २४ नोव्हेंबर, रात्री ८.४५

काळीमाती काल आली होती, आईला घेऊन. आम्ही तिघांनी मिळून कारखान्याच्या रस्त्यावर एकतीस ट्रॉल्यांना पट्ट्या लावल्या. आई कापडाने चिखल पुसायची, पोरगी चिकटवायची, मी बॅटरी धरायचो. एक ड्रायव्हर दोन रोल मागून घेऊन गेला, टोळीतल्या बाकीच्यांना लावतो म्हणाला. निघताना आई मला म्हणाली, "गुरुजी, हिच्या तिथं सायकलवाल्यासाठी टांगलेला पूल आहे म्हणं." तिने ते ज्या आवाजात सांगितलं ते मला इथं लिहावंसं वाटलं.

---

येलदरीकर | ९ फेब्रुवारी, रात्री ११.१५ (डेल्फ्टहून)

येऊन चार आठवडे झाले. जुनी सायकल घेतली, दुकानातून, पावतीसकट. दोन्ही कुलपं, दोन्ही विमे, हेल्मेट. गोल चौकात दरवेळी दात बघतो. मागच्या आठवड्यात सकाळी रस्ता नुसता ओला वाटत होता, प्रत्यक्षात त्यावर बर्फाचा पातळ थर होता. वळताना ब्रेक दाबला नाही म्हणून वाचलो. सहकाऱ्याने नंतर सांगितलं की मुख्य सायकलवाटांवर नगरपालिका आधी मीठ टाकते, म्हणून अशा दिवशी आडवाटेने जायचं नाही.

आज ताईंच्या पोस्टमधली व्हॅन मलाही भेटली. उजवीकडून डिलिव्हरीची मोठी गाडी, दात तिच्याकडे. हात ब्रेकवर गेला होता. दाबला नाही, सरळ गेलो. गाडी थांबली, ड्रायव्हरने बघितलंसुद्धा नाही, त्याच्या दृष्टीने त्यात काही विशेष नव्हतंच.

आता अडचण. मागचं चाक पंक्चर झालंय. पूर्ण चेनकेस, पायातला ब्रेक, गिअरची तार, हे सगळं खोलून चाक बाहेर काढायचं मला जमेना. दुकान सोमवारी बंद असतं आणि मला सकाळी आठला पोचायचंय. काय करू?

---

काळीमाती | ९ फेब्रुवारी, रात्री ११.३०

चाक काढायचंच नाही. इथले मिस्त्रीही काढत नाहीत. सायकल उलटी कर किंवा स्टँडवर घे, चेनच्या उलट्या बाजूने टायर उचक आणि तेवढीच ट्यूब बाहेर ओढ. टायर उचकायला घरातले दोन चमचे चालतील, दांडा गोल बघून घे म्हणजे ट्यूब चिमटणार नाही. पंक्चरचं किट सुपरमार्केटातही मिळतं, पण आत्ता बंद असेल. शेजारी विचार, प्रत्येकाच्या घरी असतं.

---

वसमतचे_गुरुजी | १० फेब्रुवारी, पहाटे ५.२० (आपल्याकडे)

येलदरीकर, लेकरा, तुझ्याकडे अजून रात्रच असेल. बादलीत पाणी घे, हवा भरलेली ट्यूब बुडव, बुडबुडे येतील तिथं खूण कर. कोरडी कर, घास, सोल्यूशन लाव आणि पाच मिनिटं थांब. घाई केली की ठिगळ सुटतं. आणि ट्यूब परत बसवायच्या आधी टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरव, हळू. आपल्याकडे बाभळीचा काटा असतो, तिकडे काच असेल. ती टायरमध्येच रुतलेली राहते आणि सकाळी पुन्हा पंक्चर करते.

---

येलदरीकर | १० फेब्रुवारी, रात्री १.०५ (डेल्फ्टहून)

काच होती, गुरुजी. हिरव्या बाटलीची. निघाली.